सही सोमवारी करा

माझ्या खोलीत आलेल्या आईवडिलांना मी सगळ्यात आधी गप्प बसवत असे. बडोद्यात हे काम सोपं नाही. इथला माणूस डॉक्टरकडे गेला तरी स्वतःचं दुखणं सांगून झाल्यावर शेजाऱ्याचंही सांगून येतो. त्यात पोराच्या कॉलेजचा प्रश्न, म्हणजे काका, मामा, आत्या म्हणजे इथली फोई, सगळेच बोलणार. म्हणून मी खुर्च्याच अशा मांडल्या होत्या की मूल माझ्यासमोर आणि घरची मंडळी त्याच्या पाठीमागे, भिंतीला लागून. मुलाला आईचे डोळे दिसायचे नाहीत आणि आईला मुलाचा चेहरा. चहा संपेपर्यंत घरच्यांनी तोंड उघडायचं नाही, हा नियम. लहरीपुऱ्यातले एक साड्यांचे व्यापारी अख्खं कुटुंब घेऊन आले होते. नियम ऐकून, मग आम्ही आलो तरी कशाला, अशा सुरात म्हणाले, "बेन, तो पछी अमे शुं करवा आव्या?" म्हटलं, "चा पीवा." ते खरोखरच चहा पीत मुकाट बसले, आणि जाताना म्हणाले की आपला मुलगा एवढं बोलतो हे त्यांना आज कळलं.

मी मुळात शाळेतली भूगोलाची बाई. दहावी-बारावीच्या मुलांना पुढच्या प्रवेशाबद्दल सांगायचं काम शाळेत कोणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलेलं काम पुढे इतकं आवडलं की निवृत्तीनंतरही मांडवीजवळ भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेऊन मी तेच करत राहिले. गुडघ्यांनी जिना नको म्हटल्यावर आता थांबले आहे. गुजराती घरांत मी 'ॲडमिशनवाळां बेन', मराठी घरांत 'मॅडम'. आमचे हे रेल्वेतले, त्यामुळे ते माझ्या खोलीला 'चौकशी खिडकी' म्हणत आणि मी घरी उशिरा आले की 'खिडकी बंद झाली का' म्हणून विचारत.

लोकांचा समज असा, की ही बाई कॉलेज मिळवून देते. मी कोणालाही काहीही मिळवून दिलेलं नाही. गुण मुलाचे, जागा कॉलेजच्या. मधली वाट तेवढी मला माहीत होती. कोणत्या शाखेला कोणती परीक्षा, कोणता दाखला कुठल्या कचेरीतून, कोणती तारीख चुकली तर वर्ष वाया जातं, हे सगळं दर वर्षी थोडंथोडं हलतं आणि दर वर्षी नव्याने वाचावं लागतं. मी ते वाचत असे. इतर बायका मालिका बघतात तशी मी नियमपुस्तिका बघते, असं आमचे हे सगळ्यांना सांगायचे. त्यात अतिशयोक्ती फार नव्हती.

मात्र नियम हे काम अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे समोरचं पोर काय आहे ते ओळखणं. 'तुला काय व्हायचंय' हा प्रश्न मी कधी विचारला नाही. त्याचं उत्तर पोरं घरून पाठ करून येतात. मी म्हणायचे, "मला काहीतरी शिकव. तुला येतं आणि मला येत नाही असं काहीही." आधी गडबडायची. मग सुरू व्हायची मराठीत किंवा इंग्रजीत, आणि रंगात आली की बहुतेक सगळी गुजरातीत शिरायची. शाळेने हात टेकलेल्या एका मुलाने मला घरघंटीची जाळी कधी आणि का बदलायची, दगड सैल झाला हे आवाजावरून कसं ओळखायचं, हे असं समजावलं की त्याचा बाप मागे बसून चहा प्यायचा विसरला. तो मुलगा आज यंत्रांच्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे. हे मी अभिमानाने सांगते आहे आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

आता मोहित्यांची गोष्ट. आडनाव मी बदललं आहे. वाचता वाचता ज्याचं त्याला कळेल.

दहावीचा निकाल लागल्यावर मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मोहिते, त्यांच्या पत्नी आणि मुलगी ऋचा असे तिघे आले. मोहिते बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर. आजोबा संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हापासून घर इथंच. आणलेले पेढे टेबलावर ठेवत त्यांनी सांगितलं की ठरवायचं काही उरलेलं नाही. ऋचाची अकरावी-बारावी पुण्याला, त्यांच्या बहिणीकडे राहून. शाळेत दाखल्यासाठी अर्जही दिला आहे, शनिवारी शाळा सोडल्याचा दाखला मिळेल. माझ्याकडून त्यांना एवढंच हवं होतं की पुण्यातला कोणता क्लास बरा.

मी त्यांना भिंतीजवळ बसवलं आणि ऋचाला म्हटलं, "मला काहीतरी शिकव."

तिने थोडा विचार केला आणि पेढ्यांचा खोका टेबलाच्या मधोमध ओढला. म्हणाली, "ही देवी." मग भोवती माझी पेनं, टाचण्यांची डबी आणि आईच्या हातातून मागून घेतलेल्या बांगड्या मांडून तिने मला गरब्याचं मैदान शिकवलं. आतल्या फेरीला थोडं अंतर कापायचं असतं, बाहेरच्या फेरीला खूप, आणि टाळ्या मात्र सगळ्यांच्या एकाच तालावर. म्हणजे बाहेरच्यांची ढांग मोठी हवी. पण नवशिके नेमके बाहेरून शिरतात, त्यांची ढांग पुरत नाही, मग ते आत सरकतात. "आणि मॅडम, गर्दी तुंबते ती दरवाजात नाही हां. दरवाज्याच्या जरा पुढे, गरबो ज्या बाजूने फरे छे ने, ए बाजू. बधा त्यांज अटके. सगळे तिथंच अडकतात." मग ती बांगडी सरकवून म्हणाली की दरवाजा एक ठेवण्याऐवजी लांबलांब दोन ठेवले आणि एक फक्त निघण्यासाठी राखला, तर हे होणार नाही. हे तिला कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. नवरात्रात पाय दुखले की ती कठड्यावर बसून हेच बघायची.

मला मनातून फार आनंद झाला. माणसं, जागा आणि त्यांची ये-जा जिला अशी दिसते, तिने आर्किटेक्चरला जावं, यात मला शंका उरली नाही. तिलाही त्याचं नाव माहीत होतं, ओढही होती. त्यासाठीचं चांगलं शिक्षण आमच्या बडोद्यातच मिळतं.

आणि इथंच खरी अडचण होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सरकारी किंवा अनुदानाच्या चांगल्या कॉलेजांत बहुतेक जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. राज्यातलं कोण, हे घरात कोणती भाषा बोलतात त्यावर ठरत नाही. दहावी-बारावी कुठून केली, जन्म कुठला, राहता कुठे, असल्या गोष्टींवर ठरतं. ऋचाची दहावी बडोद्याची. बारावी पुण्याची झाली असती, तर गुजरातच्या यादीत ती बसत नव्हती, कारण बारावी इथली नाही. आणि महाराष्ट्राच्या यादीतही बसत नव्हती, कारण दहावी तिथली नाही. राहिल्या असत्या त्या सगळ्या देशाच्या मुलांत वाटलेल्या मूठभर जागा, नाहीतर भरमसाट फीची कॉलेजं.

ही चूक गुजराती घरात मी कधी पाहिली नाही. पंजाब्यांत नाही, सिंध्यांत नाही. ही खास आपली, बडोद्याच्या मराठी माणसांची. तीन पिढ्या इथं काढल्या तरी आपल्या मनात पुणं म्हणजे माहेर. मुलीला माहेरी पाठवायचं, त्यात विचारायचं काय? जन्मभर मी फळ्यावर राज्यांच्या सीमा काढल्या. त्यातली एक आपल्या घरांमधून जाते हे मला या कामात कळलं.

चहा संपल्यावर मी हे मोहित्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला.

"म्हणजे पुण्यात आम्ही बाहेरचे?"

"प्रवेशाच्या यादीत, हो."

"मॅडम, आमच्या घरात आजही देवाला मराठीत आरती होते. पोरीला वाचायला मराठी पुस्तकं आणून दिली, शाळेत मराठी नव्हतं म्हणून घरी शिकवलं. आणि पुण्यात आम्ही बाहेरचे?"

"मी नाही म्हणत, मोहितेसाहेब. नियम म्हणतो."

"तुम्ही इथल्या. तुम्हाला पुण्याचं काय माहीत असणार?" त्यांनी तिथंच बहिणीला फोन लावला. बहिणीने पलीकडून काय सांगितलं ते सगळ्या खोलीला ऐकू आलं. असलं काही नसतं दादा, इथं सगळं होतं, तू पोरीला पाठव. मोहित्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की निकाल लागला.

ऋचा मला म्हणाली, "मला जायचंय." पुण्याला आत्याकडे बरोबरीची बहीण होती, मोकळेपणा होता. सोळा वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं असतं? माझी पंचाईत झाली. मूल बोलेल तसं करा, असं जन्मभर सांगणारी मी, आणि मूलच समोर बसून चुकीचं मागत होतं.

अशा वेळी मी भांडत नसे. माझी एक पद्धत होती. मी सांगते म्हणून माझं ऐकू नका, असं म्हणून घरच्यांच्या हातात एकच प्रश्न द्यायचा आणि तो त्यांनी स्वतः, ज्याच्या त्याच्या खिडकीवर जाऊन विचारायचा. नातेवाईकांना नाही, फोनवर नाही. मोहित्यांना म्हटलं, "शनिवार-रविवार तुम्ही पुण्याला जाणारच आहात. तिथल्या प्रवेशाच्या मदत केंद्रावर जा, या दिवसांत ते रविवारीही उघडं असतं, आणि विचारा, दहावी गुजरातमधून केलेली मुलगी महाराष्ट्राच्या मुलांत धरतात का. धरतात म्हणाले तर परत येऊन मला चार गोष्टी सुनावा."

"सुनावणारच," ते म्हणाले आणि उठले. "तुम्ही तर सगळ्यावर पाणी फेरवलं ने."

तिघे जिना उतरले. मला वाटलं, हे काही विचारायचे नाहीत. शनिवारी सकाळी दाखला घेतील, दुपारच्या गाडीने जातील आणि दाखला पुण्याच्या कॉलेजात देऊन मोकळे होतील. एकदा दाखला निघाला की शाळेतली अकरावी सायन्सची तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला जाणार होती. मग खिडकीवर कोणी काहीही सांगितलं तरी परतीची वाट बंद.

थोड्या वेळाने जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. मोहित्यांच्या पत्नी एकट्याच वर आल्या. मघापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "त्यांना खाली सांगितलंय की दुकानात गाळणी बघते. पटकन विचारते. शाळेतली जागा सोमवारपर्यंत राहील असं काही करता येईल का?"

"तुम्हाला पटलं, मी म्हणाले ते?"

"मला पटायचं काय, मॅडम. माझं झालंय ते." मग उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. माहेर सांगलीकडचं. बी.एस्सी.ची दोन वर्षं झाली आणि लग्न ठरलं. सासरच्यांनी कबूल केलं होतं की उरलेलं एक वर्ष बडोद्यात करू देऊ. करू द्यायला ते तयारही होते. पण इथं आल्यावर कळलं की तिकडची दोन वर्षं इथं जशीच्या तशी धरत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. तोवर दिवस गेले. मग राहिलंच. "ह्यांना वाटतं, मलाच पुढे नको होतं. मीही कधी बोलले नाही. ते फार चांगले आहेत, पण त्यांना कोणी इथलं-तिथलं असं केलं ना, की लागतं. मी आता बोलले तर ते माझ्यावर नाही, स्वतःवर रागावतील. आणि पोरीसमोर मला ते नको."

मी त्यांना बसायला सांगितलं, पण त्या बसल्या नाहीत. खाली मोहिते वाट बघत होते. जाताना म्हणाल्या, "मी विचारलं हे त्यांना सांगू नका." मी नाही सांगणार म्हटलं. त्या खालून खरंच एक गाळणी घेऊन गेल्या.

ऋचाची शाळा म्हणजे माझीच जुनी शाळा. मी तिथं फोन लावला. प्रिन्सिपॉल पटेलसाहेब माझ्यानंतर शाळेत आलेले, गुजराती, सरळ माणूस. म्हणाले, "बेन, ऋचानो दाखलो तो तैयार छे. मारी सही बाकी छे."

"सही सोमवारे करजो."

"केम?"

"घरमां हजु एकमत नथी. पप्पानी हा छे, मम्मीनी नथी."

ते निमित्त सांगायला तयार झाले, शनिवारी बाहेर असल्याचं. "तो हुं शनिवारे बहार छुं एम कही दउं?"

"ना. खोटुं नहीं. फक्त मोडुं." खोटं नको, फक्त उशीर.

अर्जावर वडिलांची सही होती हे खरं, पण पालक आईही असते. शाळेच्या नियमातही तसंच लिहिलेलं आहे, फक्त ते वाचायची पद्धत नाही. पटेलसाहेबांना हे सांगावं लागलं नाही. शनिवारी मोहिते शाळेत गेले तेव्हा क्लार्कने सांगितलं, दाखला सोमवारी मिळेल. ते चिडले, पण गाडीची तिकिटं काढलेली होती. दाखल्याशिवायच बापलेक पुण्याला गेले.

पुढचं मला ऋचाने खूप उशिरा सांगितलं. मदत केंद्रावर एक तरुण मुलगी बसली होती. मोहित्यांनी प्रश्न विचारला. ती म्हणाली, "काका, दहावी कुठली?"

"बडोद्याची."

"मग महाराष्ट्राबाहेरच्यांत."

"अहो ताई, आम्ही मोहिते."

ती मुलगी वाईट नव्हती. नम्रपणे म्हणाली, "काका, आडनावासाठी रकाना नाहीये."

ऋचा म्हणाली की बाबा तिथून बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला बराच वेळ नुसतेच उभे राहिले. मग म्हणाले, चल, घरी जाऊ. ती समजली आत्याच्या घरी. त्यांनी स्टेशनची रिक्षा केली.

सोमवारी सकाळी मी खोली उघडत होते तोवर मोहिते जिन्यावर हजर. शाळेत जाऊन आले होते आणि पटेलसाहेब बोलून गेले होते की बेनचा फोन होता. मला वाटलं, आभार मानायला आलेत. ते कडाडले, "माझ्या मुलीचा दाखला थांबवणाऱ्या तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही. सही अजून झालेली नाही. तुम्ही म्हणाल तर आत्ता होईल. करायला सांगू?"

ते खाली बघून म्हणाले, "नको." मग, "जागा आहे अजून?" मी म्हटलं, आहे. तेव्हा त्या माणसाने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. उकाडाही होता म्हणा. "मॅडम, बरं केलंत," म्हणाले. मी काय बोलणार? मी वचन दिलं होतं. त्यांचा राग मी घेतला आणि पुढची काही वर्षं त्यांची शाबासकीही घेत राहिले. लग्नकार्यात कुठेही भेटले तरी चार लोकांत ओळख करून द्यायचे, "ह्या मॅडमनी दाखला अडवला म्हणून पोरगी मार्गाला लागली." बाजूला त्यांच्या पत्नी, आता माझ्या वहिनी, उभ्या असायच्या, हातातली प्लेट सांभाळत, चेहऱ्यावर काही म्हणजे काही न दाखवता.

ऋचा मात्र माझ्यावर नाराज होती. तिचं पुणं मी हिरावून घेतलं होतं. अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं ती रस्त्यात दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जायची. मला त्याचं वाईट वाटायचं. पोरांचा राग सोसणं हा या कामाचा भाग आहे, असं मी इतरांना सांगत असे, पण ती सवय मला स्वतःला कधी लागली नाही.

बारावीनंतर ती आली. एकटी. बसायच्या आधीच म्हणाली, "मला तुम्ही आवडत नाही. पण तुमचं बरोबर असतं, म्हणून आलेय." मी म्हटलं, चहा घेशील? म्हणाली, घेईन.

आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेत तिचं गाडं घसरलं होतं. ऐन परीक्षेत ताप होता. गुण वाईट नव्हते, पण देशभरच्या मुलांशी स्पर्धा करून पुण्यात जागा मिळावी असेही नव्हते. गुजरातच्या यादीत मात्र ती काठावर का होईना, उभी राहू शकत होती. आता प्रश्न पसंतीक्रमाचा होता. कॉम्प्युटरवर कॉलेजांची नावं आपल्याला हवी त्या क्रमाने भरायची असतात. कॉम्प्युटर वरून खाली येतो आणि जी पहिली जागा देता येईल ती देऊन थांबतो. त्यामुळे सगळ्यात हवंसं कॉलेज सगळ्यात वर लिहायचं, मिळण्याची आशा कितीही कमी असो. वर लिहिल्याने काही बुडत नाही. इतकं साधं आहे. पण दर वर्षी शहाणीसुरती माणसं नक्की मिळणारं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकतात, आणि मग तेच मिळतं. मोहित्यांनीही तेच केलं होतं. बाहेरगावचं एक खाजगी कॉलेज त्यांनी तिच्याकडून सगळ्यात वर लिहून घेतलं होतं. "बाबा म्हणतात, बडोदा वर लिहिलं आणि नाही मिळालं तर बाकीचे रागावतील."

"कोण बाकीचे?"

"बाकीची कॉलेजं," ती म्हणाली आणि बोलता बोलता स्वतःच हसली. दोन वर्षांनी तिचं हसू बघितलं.

क्रम तिनेच बदलला, माझ्यासमोर. बडोदा सगळ्यात वर. पहिल्या फेरीत नाव लागलं नाही, खाजगी कॉलेजात लागलं. मोहित्यांचा मला रोज फोन. मी रोज तेच सांगायचे, आहे ती जागा धरून ठेवा आणि वरच्या जागेसाठी पुढच्या फेरीत राहा, हातचं जात नाही. त्या दिवसांत माझीही झोप उडाली होती. आमचे हे म्हणाले, "पोरगी त्यांची, रक्तदाब तुझा." शेवटच्या फेरीत बडोद्याला नाव लागलं. इथली जागा, इथल्या मुलांसाठी राखलेली, आणि ती त्यांच्यातली एक. बारावी पुण्याला झाली असती तर त्या यादीत तिचं नावच नसतं. मोहिते पेढे घेऊन आले तेव्हा जिन्यातच रडले. मला लाजायचं कारण नाही, मीही रडले.

यंदा ऋचा आर्किटेक्ट होऊन बाहेर पडली. आता तिला पुण्याच्या एका ऑफिसात नोकरी लागली आहे. नोकरीला दहावी कुठली हे कोणी विचारत नाही.

या अंकासाठी लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हीच गोष्ट आली. पण अर्धी गोष्ट लिहायची मला लाज वाटू लागली. दाखला मी अडवला, असं छापून आणायचं आणि विचारणारी बाई गाळणीच्या आड ठेवायची? म्हणून मी वहिनींना फोन केला. म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट लिहिते, माझ्याकडे कमी नाहीत.

त्या म्हणाल्या, "लिहा."

"बी.एस्सी.चंही?"

"तेच आधी लिहा. मला इतक्या वर्षांत त्यांना सांगायला जमलं नाही. बोलायला गेले की वाटतं, आता कशाला. तुम्ही लिहिलंत तर ते वाचतील. दिवाळी अंक ते पहिल्या पानापासून वाचतात, जाहिरातींसकट."

"रागावले तर?"

"रागावू देत की," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी एकदा तरी रागावू देत."

तर मोहितेसाहेब, तुमची मुलगी मी वाचवली नाही. मी फक्त फोन केला. फराळाची ताटली घेऊन वहिनी आत्ता आसपासच असतील. अंक बाजूला ठेवा आणि त्यांना विचारा, शेवटच्या वर्षाला कोणता विषय घेणार होत्या.